पाणी पिऊन थांबा

"तुम्हीच पुसून घ्या. तुम्हाला सवय असेल की."

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवरच्या बाईने आईपुढे पोछा धरला. आवाज चढवला नाही. फॉर्मवर नजर टाकून म्हणाली. त्यावर आईचं काम मीच लिहिलं होतं. सफाई कामगार, महापालिका.

आईच्या पायाखाली लघवीचं थारोळं होतं.

चार महिने आईच्या अंगावरून जात होतं. गर्भाशय नीट दिसायला लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून तिला लिटरभर पाणी प्यायला सांगितलं होतं. दहा वाजता आमचा तिसरा नंबर. मग डॉक्टरांच्या ओळखीचं एक कुटुंब आत गेलं. मग एका दुकानाचे मालक. मग कुणाची तरी सून. दर वेळी आई पाय आवळून म्हणायची, "धरवंना गं आता. इचार की जरा."

मी उठले नाही. मी लाजाळू आहे, असं लहानपणापासून सगळे म्हणतात. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, तिथेही तोंडी परीक्षेपुरतीच बोलले. बारा वाजता आई स्वतःच विचारायला उठली आणि तिथेच सुटलं.

शेजारच्या बायकांनी पाय वर घेतले.

आईने पोछा घेतला. वाकलीसुद्धा. ड्युटीवर वाकते तशी.

मी तो तिच्या हातातून काढून काउंटरवर ठेवला. रजिस्टरवर.

"ती पेशंट आहे. ती पुसणार नाही. मीही नाही."

आवाज इतका बारीक निघाला की बाईने "काय?" विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

"मग उद्या या. ब्लॅडर रिकामं झालं आता."

उद्या आई आली नसती. तिला इथवर आणायलाच मला चार महिने लागले होते.

"पाणी परत पिईल ती. भरलं की नंबर तिचा. मध्ये कुणाला सोडलंत तर मी दारात उभी राहीन."

शेवटी तिथल्या कामवाल्या बाईंनी पुसलं. तेही मला बरं वाटलं नाही.

तासाभराने आत गेलो. आईची साडी ओलीच होती. डॉक्टर तिच्या पोटावर यंत्र फिरवत टायपिस्टला इंग्रजीत मापं सांगत होते. आई छताकडे बघत होती. एरवी असलं सगळं मी तिला घरी गेल्यावर मराठीत सांगते.

"सर, तिला सांगा. मराठीत."

ते थांबले. पडदा थोडा वळवला. "मावशी, ही काळी दिसते ती लघवीची पिशवी. मागे गर्भाशय. त्यात ही गाठ."

"बरी हाय का वंगाळ?"

"वाईट वाटत नाही. पण नुसतं यावरून खात्री देता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

आईने मान हलवली. डॉक्टर तिच्या शरीराबद्दल तिच्याशीच बोलले, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

रिक्षात ती चिडली होती. "चार मान्सांत लाज काढलीस. गप पुसलं असतं तर झालं असतं की."

मी थकले होते. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. दोन तास मी गप्प बसले म्हणून ती भिजली. ते त्या बाईने केलं, तसं मीही केलं.

तुकडा काढून झाला, त्याचा रिपोर्ट यायचा आहे. तो कसाही आला तरी सोनोग्राफी पुन्हा करावी लागणार. आई म्हणते, दुसरं सेंटर बघ. मी बघणार नाही. त्याच ठिकाणी जाणार. तिच्या आधी कुणी घुसलं तर पहिल्यालाच अडवणार.