शिलाई सरळच होती

आमची आत्या शेवटी शेवटी माणसं साडीवरून ओळखायची. समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी तिला राखाडी डाग दिसे, खालची साडी मात्र दिसे. "तोंड जाऊंदे, साडी बरी आसा," असं ती कुणालाही ऐकवी.

घाटकोपरच्या चाळीत ती ब्लाउज शिवायची. चष्मा बाटलीच्या बुडासारखा. सुईत दोरा ओवताना मात्र तो काढून ठेवी आणि सुई थेट नाकाशी नेई. एके वर्षी तिला शिलाई नागमोडी दिसू लागली. तिने मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, शिलाई एकदम सरळ आहे." "डोळे फुटले काय रे तुझे?" आत्या कडाडली. मग दुसरा आणला, त्याच्याशीही भांडली. मशीनला नवा पट्टा घातला. डॉक्टरकडे गेली तोवर उजव्या डोळ्याची मधली नजर गेली होती. डावा आधीपासूनच अधू.

एवढ्या मोठ्या नंबरात डोळा मागे लांबत जातो, आतला पडदा ताणून पातळ होतो आणि चष्मा बदलून ते भरून येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. आत्या आम्हाला सांगे, "ताणून ताणून कापड इरता ना, तसा."

माझाही नंबर उणे चौदा, तिच्याच घराण्यातून आलेला. त्यामुळे दर सोमवारी सकाळी तिचा फोन.

"एक डोळो झाक. खिडकीचे गज बघ. सरळ आसत? आता दुसरो."

"आहेत गं आत्या. कुकर लावलाय मी."

"कुकर शिट्टी मारून सांगता. डोळो सांगणा नाय."

वैताग यायचा, पण करायचे. आणि एका सोमवारी डावा डोळा झाकल्यावर मधला गज वाकलेला दिसला.

"ऑफिसात ऑडिट आहे. शुक्रवारी जाते," मी म्हटलं.

"ऑडिट दुसरो कोणय करीत. तुझ्या डोळ्यान दुसरो कोण बघतलो? आज जा."

गेले. पडद्याखाली नवी रक्तवाहिनी उगवून पाझरत होती. त्याच आठवड्यात डोळ्यात इंजेक्शन, पुढे आणखी काही. गज अजूनही किंचित कललेला दिसतो. पण मी वाचते, नोकरी करते, हे लिहिते आहे. उशीर केला असता तर डॉक्टरांनाही फार काही करता आलं नसतं, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं.

आत्या आता नाही. आम्ही दोघीही आभार मानणाऱ्यांतल्या नव्हतो. इंजेक्शनांनंतर तिच्याकडे गेले तेव्हा एवढंच म्हटलं, "आत्या, डोळा वाचला."

आत्या खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मगे बघ माका. कशी दिसतंय?"

"टिकली भुवईवर गेलीय."

"मगे सांगत काय बसलंस? नीट लाव."

मी तिची हनुवटी धरली आणि टिकली नीट लावली.