मरळीची सोबत

बायको गेली तेव्हापासून लोक मले सोबत शोधून देऊन राह्यले. कोणी म्हणते कुत्रं पाळा. कोणी म्हणते देवळात येऊन बसत जा, चार म्हातारे असतात. एकानं तं सिंदेवाहीकडची एक विधवा बाई सुचवली, रांधून वाढीन म्हणे. त्याले मी चहा न पाजता वाटेले लावला. आन् पुतण्या भद्रावतीच्या कॉलनीतून एसटीनं येते, पिशवीत केळी आणते, आन् दरवेळी तेच. काकाजी, आमच्याकडं चला, एकटे कसे राहाल.

ह्या लोकायले वाटते सोबत म्हणजे पाण्यात पाणी ओतणं आहे. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. त्यातलं काही ध्यानात नाई. पण सोबत कशी लावतात ते मी एका मरळीपायी, एका मासोळीपायी शिकलो, तेही बायकोनं शिकवलं. ते लिहून ठेवतो.

पन्नास सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा आमच्या जिल्ह्याले चांदा म्हणत, गडचिरोली वेगळी झाली नव्हती. आईबाप मेलेले. घरात मोठा भाऊ, वहिनी आन् आम्ही दोघं नवराबायको. धानाची शेती. परसात विहीर, विहिरीजवळ बैलायसाठी बापानं बांधलेलं दगडचुन्याचं टाकं. कमरेएवढं खोल, माणूस आडवा निजेल एवढं लांब.

घरात चालायचं ते वहिनीचं. कोठीची चावी तिच्या कमरेले. चूल तिची, चुलीजवळचा पाट तिचा, ओसरीवर जिकडून वारा येते ती बाजू तिची. माझी बायको लग्न होऊन आली तं तिनं कुठी बसावं हेच ठरलं नव्हतं. भिंतीपाशी बसली तं वहिनी म्हणे तिथं सूप ठेवतो, दारात बसली तं म्हणे लक्ष्मीची वाट अडवते. वहिनीची कूस लग्नाले किती वर्षं होऊनही उजवली नव्हती. माझ्या बायकोले दिवस गेले तेव्हा घरात जे बोलणं होतं तेही बंद झालं.

आमच्याकडं बाळंतीण उठून बसली की तिले मरळीचा रस्सा देतात. त्यानं अंगात रगत भरते, दूध येते. मरळ ताजी पाह्यजे, म्हणून तलावात पाणी आहे तवरच जिवंत धरून घरी पाण्यात ठेवतात. मी ढिवरायसंगं दिवसभर जाळं ओढलं आन् त्याच्या बदल्यात एक मरळ आणली. हातभर लांब, डोस्कं सापाचं, अंगावर काळे पट्टे. टाक्यात सोडली. तळाशी फुटक्या रांजणाचं एक खापर पडलं होतं, त्याच्याखाली जाऊन बसली.

लेकरू झालं ते मेलेलंच झालं. पोरगी होती.

त्यावर मी काही लिहीत नाई. वहिनी काय बोलली ते लिहितो. परसात उभी राहून, बायकोले ऐकू जाईल अशी म्हणाली, "लेकरू नाई तं बाळंतीण कायची? कापा ते मरळ. रस्सा सारे मिळून खाऊ."

बायको खाटेवर पडून होती. तोंडातून शब्द काढत नव्हती, पाणी द्या तेवढंही म्हणत नव्हती. ते ऐकलं आन् भिंत धरून दारापर्यंत आली.

"तिले हात लावू नका," म्हणाली.

मी मरळीजवळ उभा राह्यलो. मले मरळीचं काही नव्हतं, पण त्या दिवशी कोणी विळा घेऊन आलं असतं तं मी त्याच्याच तंगड्यावर चालवला असता.

मंग बायको उठून टाक्यापाशी बसू लागली. सकाळी बसे, दुपारी फडक्याची सावली करून बसे. मरळ वर येऊन हवा घेई आन् खाली जाई. बायको बेडूक धरून टाके, मरळ एका झडपेत घेई. एक दिवस वहिनीचं कोंबडीचं पिलू काठावरून पाण्यात पडलं. वहिनी धावली तवर पाण्यावर दोन पिसं होती. त्या दिवशी वहिनीनं मरळीले जे नावं ठेवले ते मरळीचे नव्हते, माझ्या बायकोचे होते.

चैत सरला आन् पाणी हिरवं झालं. बैल तोंड लावत नव्हते. टाकं उपसून पुन्हा भरावं तं विहिरीत बादलीभर पाण्यासाठी दोर मोजावा लागे. दादा तसा बोलत नसे. वहिनी बोले, दादा मान हलवे. त्या दिवशी दादा स्वतः बोलला.

"शेवाळ खाणारा मासा टाक टाक्यात. पाणी साफ झालं तं ठेव. नाई झालं तं मरळ चुलीवर. बैल उपाशी ठेवून मासोळी पोसता येत नाई."

बायकोनं ऐकलं. मले म्हणाली, "आना. तिलेही सोबत होईल."

मी रोहूचे बोटभर पोट्टे आणले, टोपलंभर. सकाळी टाक्यात मरळ होती, आन् पोट फुगलेलं होतं. वहिनी म्हणे, चांगली सोबत आणली, न्याहारीले कामाची.

मंग मी शहाणपणा केला. गावातले म्हातारे मले सांगत, लहान टाकशील तं खाईल, आपल्या जातीचं, बरोबरीचं आण. मलेही ते पटलं. आपल्याकडं पोरगी पाह्यतात तं काय पाह्यतात? जात, घराणं, उंची. मी त्याच तलावातली, तेवढ्याच लांबीची दुसरी मरळ आणली. म्हटलं शेवाळाचं मंग पाहू, आधी हिची सोबत तं होऊ दे. पोरगी पाहून आलेल्या बापासारखा ऐटीत टाक्यावर उभा राहून सोडली.

पाणी उकळल्यासारखं झालं. पहिली खापराखालून निघाली आन् दुसरीच्या पोटाले धरलं. दुसरी पळाली, फिरून तिथंच आली, जाणार कुठी? पुन्हा धरलं. शेपूट चिंध्या झाली. मी टोपलं घालून वेगळं करायले गेलो तं दुसरीनं उडी मारली आन् थेट बाहेर पडली, शेणात. तडफडली आन् मेली. वहिनीनं उचलली, राख लावून तिथंच खवले काढले. आयतं आलं म्हणे घरी. सगळे जेवले. मी जेवलो. बायको जेवली नाई.

दुपारी मले म्हणाली, "तुमी मले इचारलं काऊन नाई?"

मी म्हटलं, तुले काय कळते मासोळीतलं.

"मी रोज पाहून राह्यली. तुमी पाह्यलं? ते भुकेनं मारत नाई. खापरापाशी कोणी आलं तं मारते. टाकं तिचं आहे, नवीन आलेल्याले तं मारनच."

मंग म्हणाली, "मी आली तेव्हा मले कोणी जागा करून देली होती?"

मी म्हटलं, तं सांग काय करू.

तिनं सांगितलं ते असं. मरळ बाहेर काढा, रांजणात ठेवा. टाक्यातलं खापर फेका, दगड हलवा, तिची ओळखीची एकही वस्तू ठेवू नका. मोठे रोहू आणा, मरळीच्या तोंडात मावणार नाई असे, पाठीले रुंद. ते आधी सोडा. ते फिरून-चरून घरचे झाले की मंग मरळ सोडा, सगळ्यायच्या मागून. "मंग मरळ पाहुणी, आन् रोहू घरचे."

मले हसू आलं. पण दादानं बोललेलं डोस्क्यात होतं. तलावाच्या डोहात तेवढं पाणी होतं, तिथून तीन रोहू आणले, एकेक उचलताना दोन्ही हात लागत. मरळीले रांजणात घातलं, वर टोपलं, टोपल्यावर पाटा.

आन् नेमका त्याच वेळी वहिनीचा भाऊ धानोऱ्याहून पाहुणा आला. वहिनी सरळ विळा घेऊन रांजणाकडं गेली. काढलेलीच आहे, घरात पाहुणा आहे, म्हणे. मी वावरात होतो. शेजाऱ्यायनं सांगतलं ते सांगतो. बायको रांजणावरच जाऊन बसली, पाट्यावर.

"ऊठ वं," वहिनी म्हणाली.

"नाई उठत."

"माहा भाऊ उपाशी जाईल काय?"

"तुमच्या भावाले माह्या ताटातलं वाढा. हे नाई."

"लेकराची आठवण म्हणून मासोळी पोसते. येडी झाली तू."

"झाली," बायको म्हणाली. "येड्यायच्या अंगावर विळा घेऊन येऊ नये, बाई."

वहिनीचा भाऊच मधात पडला. मले काटे लागतात, मी वरण खातो, म्हणाला. भला माणूस. त्या घरातला तेवढाच.

रोहू टाक्यात फिरू लागले, दगडावरचं शेवाळ ओढू लागले, तेव्हा बायकोनं स्वतः मरळ सोडली. मी टोपलं घेऊन तयार होतो. मरळ खाली गेली, खापर शोधलं, सापडलं नाई. एका रोहूवर धावून गेली, तो तसाच चरत राह्यला, भीतच नाई. मरळ कोपऱ्यात जाऊन बसली. तिथंच राहू लागली. पाणी हळूहळू निवळलं. एक दिवस बैलानं तोंड खुपसलं आन् घटाघटा पेलं. दादा पाहून गेला. त्या दिवशी बायकोनं ताट मागून घेतलं आन् पोटभर भात खाल्ला. वहिनी म्हणाली, "बैलाच्या उष्ट्या पाण्यात जीव गुंतला हिचा."

इथी संपलं असतं तं बरं होतं.

पुढल्या साली वहिनीले दिवस गेले. उन्हाळ्यातच बाळंत झाली. पोरगा झाला, पण ती फार खंगली. उठून बसवेना, दूध येईना, पोरगं रडून रडून निळं पडे. तलाव त्या साली शिमग्यातच आटला होता. दादा आसपासच्या गावायले फिरून आला, मरळ कुठी नाई. घरी येऊन टाक्याकडं पाहे आन् मान खाली घाले. मागायची हिंमत नव्हती. मी मनात म्हटलं, माग तं खरं एकदा, मंग सांगतो.

त्यानं मागितलं नाई. मी बैल घेऊन बाहेर गेलो होतो. परत आलो तं बायको परसात विळीवर बसली होती. मरळ कापून झाली होती.

मी लय बोललो. तुले बोललेलं इसरली काय, म्हटलं. कोंबडीच्या पिलासाठी वहिनी तुले काय काय म्हणाली ते इसरली? ती खाली मान घालून तुकडे धुत राह्यली.

"बाळंतिणीसाठी आणली होती," म्हणाली. "बाळंतिणीले गेली."

तिनंच रांधलं, तिनंच वाढलं. वहिनीनं वाटीभर पेलं, वाटी खाली ठेवली आन् म्हणाली, "मीठ कमी आहे." मी दारात उभा होतो. ते मी अजून माफ केलं नाई. वहिनी मेली तरी नाई.

पण दूध आलं. पोरगं वाचलं. तोच हा, केळी घेऊन येते तो. त्याले हे कोणी सांगतलं नाई. बायकोनं मले सांगू देलं नाई. आमाले पुढं लेकरू झालं नाई.

मरळ गेल्यावर मले वाटलं रोहू मोकळे झाले. सारं टाकं त्यायचं. ते तं ज्या कोपऱ्यात मरळ बसे तिथंच गोळा होऊन राह्यले. चरेनात. दगडावर शेवाळ चढलं, पाणी पुन्हा हिरवं झालं. बायको म्हणे, त्यायले कोपऱ्यात कोणी आहे ह्याची सवय झाली. मी म्हटलं मासोळीले काय सवय. आता म्हणत नाई.

मागच्या आठवड्यात पुतण्या आला तं त्याले म्हटलं, तुह्या घरात माही जागा कुठी? तो म्हणे, हॉलमध्ये दिवाण टाकतो, काकाजी. मी म्हटलं, आधी तुमी सारे बाहेर निघा. सामान हलवा. मी आधी जाऊन राहतो, मंग तुमी या. तो हसला, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं असं त्याले वाटलं असेल. मंग परसात गेला आन् म्हणाला, हे टाकं तरी पाडून टाकू, रिकामं आहे, साप बसतात.

मी त्याची पिशवी त्याच्या हातात देली. केळी काढून घेतली, आन् बस कितीची आहे ते सांगतलं.

रिकामं म्हणे. त्याले काय माहीत, त्यानं काय पेलं.