मनगटावर घड्याळ नव्हते

ती घटना आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, "साहेब, एखादी जबरदस्त केस सांगा." त्यांना दरोडा हवा असतो, खून हवा असतो. मी त्यांना एका घड्याळाची केस सांगायला लागतो आणि त्यांची तोंडं उतरतात. उतरू द्या. चाळीस दरोडे विसरलो, ही केस विसरलो नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवाय कळेल.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अशा ठाण्याचा निम्मा दिवस अपघातात जातो. फोन आला की गाडी काढा, रस्ता मोकळा करा, घटनास्थळाचा पंचनामा करा, नातेवाईक येईपर्यंत रुग्णालयात बसा. माणूस रोज मेलेला पाहिला की त्याचं काही वाटेनासं होतं. लोक याला पोलिसांचा कणखरपणा म्हणतात. मी त्याला निबरपणा म्हणतो.

एका दुपारी एका ढाब्यासमोर ट्रकने दुचाकीला उडवलं. दुचाकीवर नालवाडीत राहणारा एक सरकारी लिपिक होता. ट्रक थांबला नाही. ढाबेवाला पन्नाशीचा माणूस. त्याने हातातला झारा टाकला, जेवायला बसलेली गिऱ्हाइकं तशीच सोडली, जखमीला स्वतःच्या भाजीच्या टेम्पोत घातलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोहोचेपर्यंत जीव गेला होता. मी आमच्या जमादाराला मरणोत्तर पंचनाम्यासाठी पाठवलं. आमच्याकडे हवालदाराला जमादार म्हणतात. हा जमादार वीस वर्षं नोकरी झालेला, अक्षर मोत्यासारखं, कागद कधी अर्धवट ठेवायचा नाही. संध्याकाळी त्याने पंचनामा माझ्यासमोर ठेवला, मी वाचला आणि सही केली. कसा वाचला, ते पुढे येईल.

तेरवी आटोपल्यावर मृताची मुलगी ठाण्यात आली. कॉलेजात शिकणारी. तिने अर्ज पुढे केला.

"सर, बाबांचं पाकीट मिळालं, किल्ल्या मिळाल्या, फुटलेला मोबाइल मिळाला. घड्याळ नाही मिळालं."

"किती किमतीचं होतं?"

"किंमत काहीच नाही त्याची. ते बाबांनी बनवलेलं होतं."

मला वाटलं, घड्याळ काय भाकरी आहे बनवायला? तेव्हा तिने समजावलं. तिच्या वडिलांना छंद होता. आठवडी बाजारातून, भंगारातून जुनी चावीची घड्याळं आणायची, डोळ्याला भिंग लावून उघडायची आणि डायल, काटे, काच, पट्टा बदलून आपल्या मनासारखं नवं घड्याळ करायचं. असे छंदी लोक विदर्भात बरेच आहेत, त्यांचा मोबाइलवर एक ग्रुपही आहे. मला हे रिकामटेकड्यांचं काम वाटलं आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. तिने मोबाइलमधला फोटो पुढे केला. पांढऱ्या डायलवर एक ते बारा मराठी आकडे, वेडेवाकडे, आणि सात चक्क उलटा.

"मी पहिलीत असताना पाटीवर काढलेले आकडे आहेत हे. बाबांनी जसेच्या तसे ब्रशने डायलवर उतरवले. सात चुकलाय, तोही तसाच ठेवला. तेव्हापासून दुसरं घड्याळ हातात घातलं नाही त्यांनी. मला ते हवंय, सर."

अर्ज नोंदवून घेतला. दोनच दिवसांनी जमादार माझ्या टेबलापाशी आला, आवाज बारीक करून म्हणाला, "साहेब, खबर हाये. ढाबेवाल्याच्या हातात नवीन घड्याळ दिसून राह्यलं म्हणते. त्यानंच काढलं असंन टेम्पोत. एकटाच तर होता बॉडीजवळ."

मला संताप आला. मरणाऱ्या माणसाच्या हातातलं घड्याळ काढणारा माणूस! खबर कोणाची, खबऱ्याने स्वतः पाहिलं का, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. नव्या शिपायाला पहिल्या आठवड्यात शिकवतो ते मी स्वतः विसरलो. ऐन जेवणाच्या वेळी गाडी ढाब्यावर नेली. बाकड्यांवर ट्रकवाले जेवत होते. त्या सगळ्यांसमोर ढाबेवाल्याची कॉलर धरली, गल्ल्यापासून खेचत आणला आणि गाडीत कोंबला. त्याच्या हातात घड्याळ होतं खरं, पण ते कंपनीचं, काळ्या डायलचं. मी म्हटलं, असेल, चोरीचं कुठेतरी दडवलं असेल.

ठाण्यात आणून चौकशी सुरू केली. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"साहेब, त्या माणसाचं डोकं माह्या मांडीवर होतं. पाणी मांगत होता. मी त्याले पाणी पाजू का घड्याळ पाहू?"

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी त्याच्या कानशिलात लगावली. जोरात लगावली. जमादार बाजूला उभा होता. ढाबेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो खाली बघेना, सरळ माझ्याकडे बघत राहिला. मी नजर काढून घेतली आणि जमादाराला विचारलं, "किती वाजले? डायरीत नोंद घ्या."

जमादाराने मनगट वर केलं. "साडेतीन, साहेब."

संध्याकाळी ढाबेवाल्याला सोडलं, पण रोज ठाण्यात हजेरी द्यायला लावली. चार दिवसांत गावभर झालं की मड्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा हा. त्याच्या ढाब्यावर थांबणारे ट्रक पुढच्या ढाब्यावर थांबायला लागले. त्याची बायको एकदा ठाण्याच्या फाटकाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "याहीनं त्या जखमी माणसाले उचललं नसतं तं बरं झालं असतं." मी आत बसून ऐकलं आणि फाइल चाळत राहिलो.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेला माणूस बोलत होता.

"साहेब, त्या घड्याळाचा डायल माह्याजवळ हाये. मी तुमच्या ठाण्यासमोरच उभा हावो. पण आत नाई येत."

"काऊन? आत यायला काय झालं?" मी ओरडलो.

"ज्यानं घड्याळ मले आणून देलं, तो आतमंधी टेबलावर बसून राह्यला."

माझा विश्वास बसला नाही. मी साध्या चपला घालून बाहेर गेलो आणि समोरच्या चहाच्या टपरीमागे त्याला भेटलो. हाही त्याच छंदातला. हिंगणघाटात लोक त्याच्याकडे हौसेने डायल बदलून घ्यायला येतात. साधारण पंधरवड्यापूर्वी एक खाकी पँटवाला माणूस आला होता. हे पोरासोरांचे आकडे काढून साधा डायल टाकून द्या, जुना फेकून द्या, असं म्हणून गेला होता. फिटरने डायल बदलून दिला. पण फेकला नाही.

"आमच्यात जुना डायल कोनी फेकत नाई, साहेब. कोनाच्या तरी कामी येते. आन् हा तं हातानं काढेल होता. फेकाले हात नाई धजला."

त्याने पिशवीतून औषधाच्या गोळ्या ठेवायचा डबा काढला, सोमवार ते रविवार असे खण असलेला. गुरुवारच्या खणात तो पांढरा डायल होता, उलट्या सातासकट. खाली एक चिठ्ठी: घड्याळ आणणाऱ्याचा मोबाइल नंबर, काम झाल्यावर फोन करण्यासाठी. मुलीने ग्रुपवर टाकलेला फोटो आदल्या रात्री पाहिल्यावर त्याला झोप लागली नव्हती. नंबर मला पाठ होता. त्या नंबरवर मी दिवसातून दहा वेळा फोन करत होतो.

ठाण्यात परत येऊन मी कपाट उघडलं आणि तो मरणोत्तर पंचनामा पुन्हा वाचला. अंगावरील कपडे, खिशातील वस्तू, जखमांचं वर्णन. आणि मध्येच, मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ: 'डाव्या मनगटावर घड्याळ नव्हते.'

माझं डोकं फिरलं. पंचनाम्यात जे आहे ते लिहितात. जे नाही त्याची यादी करायची म्हटली तर अंगठी नव्हती, टोपी नव्हती, छत्री नव्हती, लिहीत बसा जन्मभर! घड्याळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता त्या दिवशी याने लिहून ठेवलं होतं की घड्याळ नव्हतं. ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती आणि खाली माझी सही होती. मुलगी अर्ज घेऊन आली तेव्हाही मी हा कागद काढून पाहिला नाही. त्याऐवजी ढाब्यावर मर्दुमकी गाजवायला गेलो.

दोन पंच बोलावले. फिटरला मागच्या दाराने आत घेतला. मग जमादाराला हाक मारली.

"जमादार, किती वाजले?"

"सव्वाबारा, साहेब."

"काढा ते घड्याळ. टेबलावर ठेवा."

तो हसला. नागपुरात घेतलं म्हणाला. मग फिटर पुढे आला आणि जमादाराचं हसणं तिथेच मेलं. फिटरने पंचांसमोर घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. या लोकांची एक रीत आहे: घड्याळ ज्याने उघडलं, तो झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण करून ठेवतो. भिंगातून पाहिलं. एक खूण फिटरची होती. तिच्या वर, जुनी, काळवंडलेली, दोन अक्षरं: मुलीचं घरातलं लाडाचं नाव, हे तिनेच नंतर सांगितलं. जुन्या डायलच्या मागचे दोन बारीक पाय त्या मशीनच्या छिद्रांत चपखल बसले.

"बोला," मी म्हटलं.

जमादार जे बोलला ते मला मरेपर्यंत ऐकू येईल.

"साहेब, मेलेल्या माणसाले काय टाइम पाहाचा हाये? म्या नाई घेतलं असतं तं दवाखान्यातल्या कोनी घेतलं असतं."

"आणि तो ढाबेवाला?"

"त्याले दोन दिवस तरास झाला असता. पुरावा नाई, सुटलाच असता तो."

मी उठलो. हात उचलला होता. मग लक्षात आलं, हाच हात चार दिवसांपूर्वी कोणावर पडला होता. हात खाली घेतला. माझ्या आयुष्यात न मारलेल्या थपडांपैकी या एकीचीच मला आजही चुटपुट आहे.

त्यानंतर फोन सुरू झाले. घरातली गोष्ट घरात ठेवा. घड्याळ रस्त्याकडेला सापडलं असं दाखवा आणि मुलीला देऊन टाका. वीस वर्षांची नोकरी आहे, बायकामुलं आहेत. अरे, ढाबेवाल्याला बायकामुलं नव्हती काय? त्याच्यासाठी एकाचाही फोन आला नव्हता! मी गुन्हा दाखल केला, वरिष्ठांना अहवाल दिला, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, जमादार निलंबित झाला. घड्याळ न्यायालयाच्या आदेशाने मुलीच्या ताब्यात गेलं. फिटरने जुना डायल परत बसवून दिला. तिने ते माझ्यासमोर हातात घातलं, चावी दिली आणि कानाला लावलं. मनगट बारीक, घड्याळ मोठं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागेल, एवढंच बोलली आणि गेली.

पण अहवालात एक गोष्ट मीही लिहिली नाही. ती थप्पड. जमादाराने नसलेली गोष्ट लिहिली, मी असलेली गाळली. दोघांचं अक्षर तेवढं वेगळं.

मी ढाब्यावर गेलो. गणवेशात होतो. ढाबेवाल्याला बाजूला बोलावलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. माफ करा."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग बाकड्यांकडे हात केला. ट्रकवाले जेवत होते.

"साहेब, कॉलर बाजूले नेऊन नोती धरली तुम्ही. याहीच्यासमोर धरली. माफी बी याहीच्यासमोर मांगा."

मी बाकड्यांकडे पाहिलं. दहा-बारा माणसं होती. दोन वाक्यं बोलायची होती. त्याने दिलेलं पाणी प्यायलो आणि गाडीत बसलो.

व्याख्यानांना बोलावतात तेव्हा नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो: खबर आली तर आधी खबर आणणाऱ्याचं मनगट बघा. पंचनाम्यात 'नव्हते' असं दिसलं तर तिथे बोट ठेवून थांबा. ते वहीत लिहून घेतात. या केसने मला एवढं शिकवलं. मी त्या ढाबेवाल्याला काय शिकवलं, ते मात्र मी कुठल्याच व्याख्यानात सांगत नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी एकाने मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. तोच ढाबा, दुपार, समोर आडवी दुचाकी आणि रस्त्यावर विव्हळणारा माणूस. ढाबेवाला धावत येतो. जखमीपासून चार पावलांवर येऊन थांबतो. मागे वळून ओरडतो, "काढा रे व्हिडिओ! काढून राह्यले का?" मग शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारतो, खिसे उलटे करून दाखवतो, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर उघडे धरतो, आधी तळवे, मग पालथे. "पाहून घ्या. माह्या हातात काईच नाई. याच्या हातात घड्याळ हाये, थे बी पाहून घ्या."

आणि मग तो खाली बसतो आणि त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतो.

तो जखमी वाचला, असं कळलं. मी व्हिडिओ थांबवून पुन्हा लावला आणि हात दाखवायला किती वेळ गेला ते मोजलं. बावीस सेकंद. तेवढा वेळ तो माणूस डांबरावर पडून पाणी मागत होता.