शहाण्णव किलोंची उपाशी बाई

“तुमच्या अंगात झिंक फार कमी आहे,” रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झिंक म्हणजे जस्त. मी शहाण्णव किलोंची बाई, आमच्या उमेळे गावात सगळे मला खात्यापित्या घरची म्हणायचे. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की खुर्चीतून उठून उभी राहिले.

त्याच्या तीन महिने आधी, मी शिकवते त्या शाळेत बाक सरकवताना वर आलेला खिळा माझ्या नडगीला लागला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. आठवड्यात बरं होईल अशी ती जखम. ती भरेना. कडा पांढऱ्या पडल्या, पाणी सुटायला लागलं. केस मुठीमुठीने गळत होते. जेवणाला चव लागत नव्हती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तीन वेळा साखर तपासली. तिन्ही वेळा ठीक निघाली. मग प्रत्येक खेपेला एकच, “काट्यावर उभ्या राहा. वजन कमी करा, जखम आपोआप भरेल.” ड्रेसिंग कंपाउंडर करायचा. डॉक्टरांनी पट्टी सोडून माझा पाय एकदाही पाहिला नाही, आणि मीही मुकाट्याने फी देऊन घरी येत राहिले.

ते उपवासकाळाचे दिवस होते, ईस्टरआधीचे चाळीस. दरवर्षी मी फक्त मटण सोडायची. यंदा मासे, अंडी, डाळसुद्धा सोडली. भाताची पेज, काकडी आणि केळं. प्रार्थनाही झाली आणि वजनही उतरेल, असा माझा हिशेब. चर्चबाहेर बायका कौतुक करायच्या. सासूबाई म्हणाल्या, “जमतंय ना बाय तुला, मग ईस्टरनंतरपन चालू ठेव.” मी ठेवलं. ईस्टरला सगळ्यांना मटणाचं झणझणीत इंद्याल वाढलं आणि स्वतः पेज प्याले. इतकी मूर्ख मी!

नायगावची कोळीण टोपली घेऊन दारात यायची. “बाय, कालवां आनलीत. घे ना. तोंड बघ कसं झालंय तुझं, अंगात जीव नाय.” शिंपल्यातली ती ताजी कालवं न बघताच मी दार लावून घेतलं.

शेवटी सर्जनने जखम खरवडून मांडीची कातडी लावायचं ठरवलं. तारीख मिळाली. ती कातडीही धरली नाही तर पाय जाऊ शकतो, हे सांगताना ते माझ्या नवऱ्याकडे बघत होते. पाय माझा होता! त्या रात्रीपासून मी पायाकडे बघायचंच सोडलं.

ऑपरेशनआधीच्या तपासणीत या डॉक्टरीणबाई भेटल्या. पट्टी त्यांनी स्वतः सोडली आणि विचारलं, “खाता काय?” तीन महिन्यांत कोणी विचारलेला पहिला प्रश्न. ऐकून त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं.

मग त्यांनी समजावलं. अंगावर चरबी फार असली की फ्री रॅडिकल्स जास्त तयार होतात, म्हणजे पेशींना इजा करणारे कण. त्यांना आवरणारी शरीराची यंत्रणा म्हणजे अँटिऑक्सिडंट्स. त्यातल्या काहींना जस्त, तांबं, सेलेनियम कणभर का होईना, लागतंच. जाड माणसांत हे साठे आधीच कमी असू शकतात. “त्यात तुम्ही जेवणच सोडलंत. शरीर जाड असलं तरी उपाशी असू शकतं. वजन उतरवायचंच आहे, पण खाऊन.”

ऑपरेशन पुढे ढकललं. अंडी, मासे, डाळी सुरू झाल्या, आणि मोजके दिवस झिंकच्या गोळ्या. (त्या मनाने घेऊ नका. जस्त जास्त झालं तर तांबं घटतं.) कोळणीला मी स्वतः हाक मारली. तिने कालवांचे दोन वाटे जास्त घातले; जस्त सगळ्यात जास्त त्यांतच असतं. दोन महिन्यांत कातडी न लावता जखम भरली. त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही.

पण राग गेलेला नाही. माझ्यासारख्या जाड बायांनो, तुमचाही जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात खोकला झाला म्हणून त्याच जुन्या डॉक्टरांकडे गेले. मान वर न करता ते म्हणाले, “काट्यावर उभ्या राहा.”

मी स्टुलावर बसले. “खोकला झालाय, डॉक्टर. आधी छाती तपासा.”

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गळ्यातली नळी कानाला लावली.