दारात ठेवलेली वाटी

आमच्या डोंगरात लाकडी मधपेट्या आल्या त्या साठ सालाच्या आगेमागे. ताम्हिणीच्या वरल्या वाडीत पहिली पेटी घेतली ती गोमाने, आणि घेतली ती मोठ्या तोऱ्यात. त्याच्या घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या कड्याकपारीतला, झाडांच्या ढोलीतला मध काढत आले होते. त्यांची एक रीत होती. पोळं कापलं की मधाने भरलेला एक तुकडा पळसाच्या पानावर घालायचा आणि ढोलीच्या तोंडाशी ठेवायचा. तो माशीचा वाटा. तिच्या घरात पुन्हा हात घालायचा नाही. तिचं तिने बाहेर येऊन घ्यायचं.

गोमाची लेक सोनी त्याच वर्षी कासार आंबोलीला दिली होती. दिवाळीला ती माहेरी आली. सासरी माणसं खूप, ही सगळ्यांत धाकटी सून; पाणी प्यायचा तांब्यासुद्धा तिथे तिचा म्हणून नव्हता. एका सकाळी अंगण सारवता सारवता ती म्हणाली, "बा, मला एक पेटी दे. माझी म्हणाया काय तरी व्हईल."

एवढं मागणं. गोमा लगेच उठला.

जुन्या पेटीतली माश्यांची वसाहत तेव्हा फुगून आली होती. पेटीत पोळं लाकडी चौकटींवर बांधलेलं असतं; गोमाने माश्यांनी लगडलेल्या काही चौकटी उचलून नव्या पेटीत घातल्या. त्यांतल्या एकीला, नवी राणी जिच्यातून निघणार ते, राणीचं बंद घर लोंबत होतं. नवी पेटी त्याने जुनीच्या शेजारी, आंब्याखाली मांडली. वसाहत अशी फोडली की रानात जाणाऱ्या जाणत्या माश्या आपल्या जुन्या घरी परततात. नव्या घरात उरतात त्या कोवळ्या. त्यांना रानाची वाट ठाऊक होईपर्यंत साखरेचा पाक पाजावा लागतो.

पाक पाजायचा कशातून, इथे गोमा अडला.

पेट्या वाटायला आलेल्या माणसाने झाकणाला बारीक भोकं पाडलेली एक डबी दिली होती. ती पेटीच्या आत, चौकटींवर पालथी घालायची. गोमाची बायको सखू हिने करवंटी घासून आणली आणि माश्या बुडू नयेत म्हणून तिच्यात काटक्या टाकल्या. तीही आतच ठेवायची. गोमाने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या, खाली ठेवल्या. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या चुलीपुढे आपण वाढायला बसायचं, हे त्याला पटेना. त्याने घरातली पितळी वाटी पाकाने भरली आणि नव्या पेटीच्या दारात मांडली.

सखू म्हणाली, "अवं, दारात वाढल्यावर घरातली जेवत्यात, का गावातली कुत्री?"

"मला नगं शिकवू. माशी माझ्या आज्यापास्नं हाय आमच्यात."

"आज्यानं ढोलीतली राखली. ही पेटीतली हाय."

गोमाने वाटी दाराजवळ आणखी सरकवली.

ऊन चढलं तशी वाटीभोवती माश्यांची दाटी झाली. दारातून आत-बाहेर नुसती रीघ लागली. गोमाने सोनीला हाक मारून बोलावलं. दोघं आंब्याखाली बसली. "बघ कशी तुटून पडल्यात," तो म्हणाला. सोनी हसत होती. सासूला पहिला मध कसा चाखायला देईन, पेटी परसात कुठे ठेवीन, ते सांगत होती. बापलेक किती तरी वेळ तो सोहळा बघत राहिली.

सखू पाण्याची घागर घेऊन आली आणि उभी राहिली. दाराखालच्या दगडावर मेणाचा भुगा पडला होता. त्यात माश्या एकमेकींना कवटाळून गरगरत होत्या. रीघ नव्या पेटीतून निघून सरळ शेजारच्या जुन्या पेटीत जात होती. पाकाच्या वासाने आलेल्या जुनीतल्या माश्यांनी वाटी केव्हाच कोरडी केली होती आणि आता त्या कोवळ्यांचं घर लुटत होत्या.

गोमाने ओल्या गवताने दार बुजवलं, पेटीवर घोंगडी टाकली. जुनीतल्या माश्या घोंगडीवर आपटत राहिल्या. सकाळी त्याने झाकण काढलं तेव्हा चौकटी फाटलेल्या होत्या, राणीचं घर कुरतडलेलं होतं. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता. उरलेल्या गवतातून वाट काढून उडून गेल्या होत्या.

सखूने मेलेल्या माश्या केरसुणीने गोळा केल्या. बोलली असती तर बरं, असं गोमाला फार वाटलं.

त्याने जुनीच पेटी लेकीला देऊ केली. सोनी नको म्हणाली. "ती तुमच्या पोटाची हाय, बा. फुडल्या साली फोड की दुसरी." मग ती डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन न्यायला आलेल्या नवऱ्यामागून डोंगर उतरून गेली.

पुढल्या साली गोमाने वसाहत फोडली नाही. सखूने दोनदा आठवण केली. तो रानात निघून गेला. चैत्रात तो कासार आंबोलीला गेला तेव्हा परसात जांभळीखाली दगडांचा एक ओटा दिसला, नीट लिंपलेला. पेटीच्या पायांवरून मुंग्या चढू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांना पाण्याच्या करवंट्या पुरलेल्या होत्या. त्यांत ताजं पाणी होतं.

सासू म्हणाली, "रोज भरती बया. काय येनार हाय, कुणाला ठावं."

सोनी आतून भाकरी घेऊन आली. गोमाने ताट ओढलं, भाकरी मोडली आणि तो ओट्याकडे पाठ करून बसला.