पांगाऱ्याचा शक्तिमान

मुळगावच्या खाणीवर कृष्णनाथ गवस पेंटर होता. खनिज वाहणाऱ्या टिपर-ट्रकांच्या दारांवर नंबर घालणं, बार्जांच्या नाकाडावर मालकाच्या मुलीबाळींची नावं रेखणं, पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्यांना रेड ऑक्साईड फासणं हा त्याचा धंदा. सत्त्याऐंशी साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा डिचोलीतल्या एका कचेरीच्या पाटीवरचं जुनं नाव खरवडून नवं घालायचं कामही त्याच्याकडेच आलं. पाटी कोंकणीत हवी की मराठीत, यावर तिथले दोन कारकून दुपारपर्यंत भांडत राहिले आणि हा ब्रश घेऊन शिडीवर उभा. शेवटी म्हणाला, "तुमचा ठरापर्यंत माझो रंग सुकतलो."

पण पोट भरलं म्हणून हात स्वस्थ बसतात असं थोडंच आहे! कृष्णनाथाचे हात एकसष्ट सालापासून अस्वस्थ होते. तेव्हा तो वीस वर्षांचा, दोडामार्गाला वडिलांच्या घरी. त्या डिसेंबरात फौज गोव्याकडे निघाली. सगळं गाव रस्त्याकडेला उभं राहून जयजयकार करत होतं, आणि हा उकिडवा बसून रणगाड्याच्या साखळीखालची चाकं मोजत होता. आठवड्याभरात त्याने सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याच्या लाकडाची होतात, त्याच लाकडाचा वीतभर रणगाडा केला. त्यानंतर जीपा झाल्या, तोफा झाल्या, पेपरातल्या फोटोंवरून लढाऊ विमानं झाली. मुळगावच्या त्याच्या दोन खोल्यांत जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर सगळं सैन्य दाटीवाटीने उभं होतं.

तो गाडी करायचा त्यात नवल नव्हतं. नवल पुढेच होतं. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, रंगाचे तीन हात देऊन गाडी आरशासारखी झाली, की हा बाबा ती बिघडवायला बसायचा. काळा रंग रॉकेलात पातळ करून सांध्यासांध्यांत सोडायचा आणि वरचा फडक्याने पुसायचा, म्हणजे फटीत वर्षांचा मळ बसल्यासारखा दिसे. काथ्याच्या चोथ्याने कडांचे टवके उडवायचा. खिळ्याने ओरखडे काढायचा. शेवटी खाणीची तांबडी धूळ वस्त्रगाळ करून चाकांवर फुंकायचा. "नवी गाडी कोणीय करीत," तो म्हणायचा, "जुनी करूक अक्कल लागता." लोक म्हणत, पेंटराचं डोकं फिरलंय, खेळणं करतो आणि मोडून ठेवतो. त्याची बायको सुलोचना लोकांच्या बाजूची होती.

त्यांचा एकुलता मुलगा सुदेश फौजेत ड्रायव्हर होता, शक्तिमान ट्रकावर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं निळं इनलँड पत्र आलं. शांतिसेनेबरोबर आपण लंकेला आलो आहोत, काळजी करू नये. वेगळ्या पाकिटात फोटो होता. हिरवागार ट्रक, त्याच्या बोनेटावर हात ठेवून उभा सुदेश. सुलोचनाने मुलगा किती वाळला ते बघितलं. कृष्णनाथाने बंपर बघितला.

त्याच दिवशी त्याने लाकूड काढलं. माप फुटाला अर्धा इंच. चौकट पांगाऱ्याची, दारं दूधपावडरीच्या डब्याच्या पत्र्याची, टायर जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचे. मागची ताडपत्री स्वतःच्या गंजीची, खळीत बुडवून तारांवर ताणलेली. सव्वा महिना तो कामावरून आला की थेट मेजाशी. सुलोचना या वेळी कुरकुरली नाही, उलट चहा तिथेच आणून द्यायची. दोघांनाही उघड बोलायचं नव्हतं, पण गाडी मेजावर होती तोवर मुलगा घरात होता.

गाडी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरी झाली. नुसती पुरी, बिघडवायची अजून बाकी. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. कृष्णनाथाने करवत, छिन्न्या, ब्रश, दाभण सगळं पाटावर मांडलं. सुलोचनाने फळीवरचा शक्तिमान उचलला आणि हत्यारांच्या मधोमध ठेवला. बोनेटाला कुंकू लावलं, पुढे रोजाच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांची माळ घातली.

"माझ्या झिलाची गाडी ती," ती म्हणाली. "आता तिका ओरखडो पडाक नये."

"लढायेतली गाडी गे ती, लग्नातली न्हय."

"जीभ आवरा तुमची."

मग ती देवळात गेली. घरात कदेलावर बसलेला कृष्णनाथ आणि समोर तो चकचकीत ट्रक. तासभर तो त्याच्याकडे बघत राहिला. जेवणात मीठच घालायचं राहिलंय आणि कोणी लक्ष देत नाहीये, तसं त्याला होऊ लागलं. असा ट्रक कुठे असतो? लग्नाच्या वरातीतसुद्धा नसतो! पण हत्यारं पूजेत होती. पुजलेलं हत्यार दसऱ्याला हलवेपर्यंत उचलायचं नाही, एवढा रिवाज तोही पाळायचा. त्याने हत्याराला हात लावला नाही. पूजेसमोर उदबत्ती जळत होती, ती उचलली आणि तिच्या निखाऱ्याने ताडपत्रीला एक भोक पाडलं. काय सुरेख पडलं! काठ काळपट, आत अंधार, हुबेहूब गोळीचं. त्याने आणखी दोन पाडली आणि उदबत्ती परत खोचून ठेवली. भोकं मागच्या बाजूला होती. सुलोचनाने काही पाहिलं नाही.

दहा-बारा दिवसांत लंकेत लढाई पेटल्याची बातमी आली.

कृष्णनाथाने ती खाणीच्या कँटिनात रेडिओवर ऐकली. हातातला पाव तसाच राहिला. पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती ती तीन भोकं. आयुष्यभर तो देवधर्माला हसत आला होता, घाडी आणि भगत त्याच्या लेखी पोटभरू. आणि आता हाच माणूस मनाशी म्हणत होता, पुजलेल्या गाडीला मी भोकं पाडली, पूजेच्या विस्तवाने पाडली, बाप असून पाडली.

तो दुपारीच घरी आला. ताडपत्री उपटली, दुसरी गंजी फाडली, नवी ताणली. पूजा हलवल्यावर त्याने चाकांना थोडी तांबडी धूळ लावली होती, तीही रॉकेलाने धुऊन काढली. पुन्हा रंगाचा हात दिला. चाळीस-एक गाड्या जुन्या करणारा माणूस मान मोडून एक गाडी नवी करत बसला. जुनी ताडपत्री त्याने कपाटावरच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात कोंबली. जाळून टाकायची छातीच झाली नाही, जाळलं तर आणखी काही व्हायचं.

पत्र येईना. कृष्णनाथ टिपरांवर नंबर चुकीचे घालू लागला. पोस्टमन महादेव सायकलवरून जाताना दुरूनच मान हलवायचा, 'नाही' म्हणून. पुढेपुढे तो दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. पेपर आला की कृष्णनाथ आधी मेलेल्यांची नावं वाचायचा, वरून खाली आणि मग खालून वर. सुदेशाचं नाव नसलं की त्याचा तेवढा दिवस सुटायचा.

तुळशीच्या लग्नाच्या साफसफाईत सुलोचनाने कपाटावरचे डबे उतरवले. तो कामावरून आला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर ते कापड पसरून.

"हे बुराक कोणी पाडले?"

खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. "मियां."

"कधी?"

"खंडेनवमीक. उदबत्तीन."

ती ओरडेल, निदान कपाळ बडवून घेईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने कापडाची बारीक घडी केली, आत जाऊन चुलीत घातली, आणि ते पुरतं जळेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. भात वाढू काय, पाणी तापलं.

दुसऱ्या दिवशी ती देवीला कौल लावायला गेली, तोही मागोमाग गेला. पुजाऱ्याने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, झील सुखरूप असेल तर उजवी दे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोघं हात जोडून उभी. तास गेला. ना उजवी पडली, ना डावी. पाकळ्या तिथेच सुकल्या. पुजारी म्हणाला, देवी आज बोलत नाही, सोमवारी या. वाटेत सुलोचना पुढे आणि कृष्णनाथ दहा पावलं मागे, अशी ती घरी आली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यापुढे कधी चालली नव्हती.

सोमवार यायच्या आत तार आली. महादेवाने ती वाटेतच वाचली होती आणि शेताच्या पलीकडूनच सायकल टाकून तो ओरडत सुटला, "सुलोचनाबाय, जितो आसा! जितो आसा!" सुदेश जखमी होऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता. जीव वाचला होता. सुलोचना अंगणातच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. कृष्णनाथाला मात्र रडू येईना. जखमी, म्हणजे लागलंच. किती ठिकाणी लागलं? तीन तर नाही? हा प्रश्न त्याने कोणाला विचारला नाही, आणि पुण्याला जाऊन मुलाला भेटला तेव्हा बँडेजं मोजल्याशिवाय त्याला राहवलं नाही. एकच होतं, उजव्या हाताला, कोपरापर्यंत. तरी मन निवेना.

सुदेश जानेवारीत रजेवर घरी आला. हात अजून गळ्यात. तिसऱ्या दिवशी दुपारी तो फळीपाशी गेला आणि डाव्या हाताने ट्रक उतरवून मेजावर ठेवला.

"बाबा, ही कोणाची गाडी?"

"तुझी."

"माझी अशी खंय होती!" त्याने नखाने रंगावर टिचकी मारली. "हिका धुवन काढल्यात तुमी?"

आणि मग कृष्णनाथाने सगळं सांगून टाकलं. उदबत्ती, तीन भोकं, नवी गंजी. सुलोचना दारात उभी राहून ऐकत होती.

सुदेश हसला. "तीन? बाबा, मिया मोजूक लागलंय तेव्हा सतरा गावली, मगे मोजूचा सोडलंय." हसू विरलं तसा तो मेजाशी बसला. "माका ही होती तशी करून व्हयी. परवा चोपड्याक जावचा आसा."

चोपडे गावच्या उल्हासाचं नाव कृष्णनाथाने पेपरात मेलेल्यांच्या यादीत वाचलं होतं. उल्हास शक्तिमानात सुदेशाशेजारी बसायचा. त्याची आई रुक्मिणी निरोपावर निरोप पाठवत होती, सुदेश आला की आधी माझ्याकडे येऊ दे, माझ्या बाळाचं कसं झालं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

"माका सांगाक जमाचा नाय," सुदेश म्हणाला. "तोंड उघडलंय की थुंकी सुकता. गाडी तिच्या म्होऱ्यात ठेवतलंय. ती बघतली."

कृष्णनाथाने बायकोकडे पाहिलं. त्याने हत्यारं काढली.

आधी रंगाची चमक मारली, मग मळ भरला. "थयली माती कसली?" त्याने विचारलं.

"आपल्यासारखीच. तांबडी."

जनेलाच्या फळीवर टिपरांची धूळ बोटभर साचलेली असायचीच. ती त्याने चाकांवर फुंकली, दारांवर चोळली. मग दाभण तापवलं. सुदेश डाव्या बोटाने जागा दाखवत गेला. "हंय. हंय दोन. ही बारकी, वरवरची. काचेक एक." कृष्णनाथ पाडत गेला. तीन झाली, चौथं झालं. तो पुन्हा कारागीर झाला होता. कुठल्या कोनातून आली, काठ आत वळला की बाहेर, असं विचारून विचारून करू लागला. सोळा झाली.

"सतरावां दाराक," सुदेश म्हणाला.

कृष्णनाथाने ट्रक उचलला आणि तसाच हातात धरून राहिला. ट्रकाला दारं दोन.

"खंयच्या दाराक?"

"डाव्या. उल्हास बसा थय."

ड्रायव्हर उजवीकडे बसतो. कृष्णनाथाला बरं वाटलं. तीन महिने छातीवर होतं ते एका शब्दाने उतरलं, त्याला हलकं हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी आपल्याला कशाने बरं वाटलं ते कळून त्याची मान खाली गेली. त्याने दाराकडे चोरून पाहिलं. सुलोचनाचे हात आपोआप जोडले गेले होते. नवऱ्याची नजर दिसताच तिने ते पदराखाली घेतले.

पत्र्याला भोक पाडायला दाभण तापवावं लागत नाही, तरी त्याने ते पुन्हा तापवलं. मग दाराच्या मधोमध नाही, तर सुदेशाने दाखवलं तिथे, खिडकीच्या जरा खाली, टोक टेकवलं आणि सावकाश दाबलं. काठाचा पत्रा बोचरा राहिला होता, तो त्याने पॉलिश पेपरने दोनदा घासला, कारण परवा चोपड्याला एक बाई त्यात बोट घालून बघणार होती.