दुसरं पत्र

गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर, रस्त्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडकीत जी बाई कायम मशीनवर वाकलेली दिसायची, तिला सगळे बटणमावशी म्हणत. नवं काही ती शिवत नसे. लोकांची पोटं सुटली की पँटची कंबर सैल करायची, पोरं उंच झाली की दुमड उसवून लांबी सोडायची, अडकलेल्या चेनी बदलायच्या, हा तिचा धंदा. सुटलेलं बटण ती फुकट लावून द्यायची, त्यावरून हे नाव पडलं. तोंडाने फटकळ, मनाने चांगली. फटकळ माणसांबद्दल लोक नेहमी असंच म्हणतात, पण हिच्या बाबतीत ते खरं होतं.

मागच्या खोलीत तिचा थोरला भाऊ राहायचा. गल्लीत त्यालाही सगळे दादाच म्हणत. पूर्वी तो बस चालवायचा. एका सकाळी थांब्यावर एक म्हातारी त्याच्या चाकाखाली आली. चौकशीत त्याची चूक निघाली नाही, नोकरीही गेली नाही. पण त्या दिवशी घरात शिरलेला दादा पुन्हा उंबरा ओलांडून बाहेर पडला नाही. मावशीचे केस त्याच काळात पिकले. तिने विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, डॉक्टर घरी आणले आणि शेवटी हात टेकले.

गल्लीचा मात्र एक मोठेपणा होता. दादा घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक, तो दिसत नाही हेही ठाऊक, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. फक्त शेजारची नर्स आत जायची. त्याचा रक्तदाब मोजायची, गोळ्या आणून द्यायची, हॉस्पिटलातले दोन-चार आचरट किस्से सांगून त्याला हसवायची आणि ड्यूटीला पळायची.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा एका दुपारी प्रत्येक घरात एक पाकीट पडलं. विद्यापीठातल्या राज्यशास्त्राच्या कुणी प्राध्यापकबाई मतदानाचा अभ्यास करत होत्या. आत गल्लीतल्या सगळ्या मतदारांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे मागच्या दोन निवडणुकांत त्याने मत दिलं की नाही, ते छापलेलं. कुणाला दिलं ते नव्हे. दिलं का, एवढंच: हो किंवा नाही. खाली एक साधी ओळ होती. निवडणूक झाल्यावर अशीच नवी यादी तुम्हाला आणि तुमच्या शेजाऱ्यांना पाठवली जाईल.

मावशीच्या नावापुढे हो, हो. बाकीच्यांपैकी कुणी एकदा चुकलेलं होतं, कुणी नाही. दोन्ही वेळा नाही असलेलं नाव अख्ख्या गल्लीत एकच होतं.

"शिकलेल्यांना दुसरे उद्योग नाहीत," मावशी म्हणाली आणि तिने ती यादी कापडांच्या ढिगाखाली सारली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार शर्ट घेऊन आला. शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती.

"दादा बरे आहेत ना?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत त्याने दादाचं नाव काढलं नव्हतं. मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग समोरचा गवंडी, मग गवंड्याची सासू. सगळ्यांचा आवाज हळू, गोड, साखर पेरल्यागत. विचारायचे मावशीला, पण बघायचे तिच्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या पडद्याकडे. उत्तर मिळालं तरी हलायचे नाहीत. हळूहळू असं होऊ लागलं की मावशीने सुईत दोरा ओवून मान वर करावी, तर समोरच्या फुटपाथवर कुणीतरी नुसतं उभं असायचं. तिची नजर गेली की हसायचं आणि चालू लागायचं. रागवावं तरी कशावर? कुणी वावगं काही बोलतच नव्हतं.

एका सकाळी ती उठून पाहते तर दादा पडद्यामागे उभा. दाढी घोटलेली, केस ओले करून मागे बसवलेले.

"छोटे, काल कोणकोण विचारून गेलं?"

मावशीला आनंद झाला. होय, आनंदच झाला, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी इतकी वर्षं एक माणूस आतल्या खोलीत सांभाळून बघावा. तिच्या मायेने जे झालं नव्हतं ते एक कागद करत होता. 'कुणी नाही रे, तू झोप' असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "सगळेच विचारतात. रोज." मग त्याची जुनी गडद पँट काढून तिने कंबरेत चांगली आत घेतली, कारण दादा पार वाळला होता.

नर्सला ते पटलं नाही. "मावशी, त्याची नाडी बघ कशी उडतेय. तो बरा होऊन नाही उठलेला, घाबरून उठलाय."

"उठलाय ना? मग झालं तर!"

मतदानाच्या दिवशी मावशीने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होते. रोज ज्यांच्या तोंडाला खळ नसे, त्यांच्यातलं कुणीही बोलत नव्हतं. दादाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. उन्हाने त्याचे डोळे मिटले. मग तो चालायला लागला, तिचा दंड घट्ट धरून, आणि दारादारांतल्या माना त्याच्याबरोबर वळत गेल्या. कुणीतरी टाळी वाजवली, पण साथ न मिळाल्याने ती तिथेच थांबली. थोडं अंतर ठेवून सगळे त्यांच्या मागून चालू लागले. फक्त चपला वाजत होत्या.

तेवढ्यात नर्स गणवेशात धावत घराबाहेर पडली. हॉस्पिटलातल्या इतर जणी मतदानाला जाणार म्हणून तिने त्यांचीही पाळी स्वतःकडे घेतली होती. "शाब्बास दादा!" ती ओरडली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. ती परतली तेव्हा मतदान कधीच संपलं होतं. तिचं जाणं आणि येणं, दोन्ही सगळ्यांनी पाहिलं.

दादा मत देऊन आला तेव्हा मावशीला वाटलं, आता सुटलो. पण दादा परत आत जाईना. सकाळपासून दारात उभा, पोस्टमनची वाट बघत. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायचा, "तुम्हाला आली का यादी? नवी?"

"येईल की. यादीत आलात की बघू," दुकानदार हसून म्हणायचा. त्याला ती थट्टा वाटत असावी. दादाने मात्र जेवण टाकलं. दिवसातून दोनदा दाढी करू लागला, गाल सोलवटले. एकदा मशीन चालू असताना तो तिच्या इतक्या जवळ येऊन उभा राहिला की तिचा पाय थांबला.

"छोटे, मी गेलो होतो ना?"

"अरे, मी नव्हते का बरोबर?"

"तू सांगतेस. पण यादीत येईपर्यंत मी गेलो असं कसं म्हणायचं?"

मावशीने मान वर केली. हा चेहरा तिच्या भावाचाच होता, पण त्यातून बघणारं कुणी वेगळंच होतं.

पुढे प्राध्यापकबाई स्वतः आल्या, घरोघर चार प्रश्न विचारायला. साध्या, सर्दीने हैराण झालेल्या, चांगल्या बाई. त्यांनी सांगितलं की साऱ्या शहरात या गल्लीइतकं मतदान कुठेच वाढलं नाही. शेजाऱ्यांना कळणार म्हटलं की माणसं बाहेर पडतात, हे त्यांनी ताडलं होतं, पण एवढी पडतील असं वाटलं नव्हतं.

"आणि दुसरी यादी?" मावशीने दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं.

"ती नाही येणार आता. इतर भागांतून फार तक्रारी आल्या. विद्यापीठाने थांबवलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मावशीने त्यांचा हात धरला. "एकाच घरी पाठवा. माझा भाऊ मरेल हो, दारात उभा राहून मरेल."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दादा पाठमोरा, रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "मला परवानगी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "माफ करा मला." आणि चहा तसाच टाकून गेल्या.

मावशीचं ठरलं ते तेव्हाच. पहिली यादी घेऊन ती दूरच्या एका टायपिंगच्या दुकानात गेली, आणि हुबेहूब तसाच कागद करून घ्यायला बसली. एकट्या दादाला देऊन भागणार नव्हतं, तो सगळ्यांना विचारणार होता. तेव्हा प्रत्येक घराला एक हवी. कोण कोण गेलं ते तिला माहीतच होतं. ती सांगत गेली, टाइप करणारा बडवत गेला: हो, हो, हो. नर्सचं नाव आलं तशी ती अडखळली.

'हो' लिहिता आलं असतं. पण नर्स मतदानाला गेली नाही हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, दादालाही. ते एक 'हो' खोटं निघालं की अख्खी यादी खोटी, आणि मग दादाच्या 'हो'ला कोण विचारतो?

"मावशी, पुढे?" त्याने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "नाही लिही."

पाकिटं पोस्टाने गेली आणि पोस्टाने आली. दादाने आपल्या नावावर बोट ठेवून ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि ताट मागून घेतलं. पोटभर जेवला. दुपारी घोरत झोपला. मावशी मशीनवर डोकं टेकून मनसोक्त रडली, आणि त्या रडण्यात नर्सची आठवण तिला एकदाही झाली नाही.

संध्याकाळी गल्ली अचानक शांत झाली. तिने मान वर केली. नर्सच्या दारासमोर माणसं उभी होती. काकू, गवंडी, त्याची सासू, दुकानदार. कुणाचा आवाज चढलेला नव्हता. सगळे हसऱ्या चेहऱ्याने, हळू आवाजात काहीतरी विचारत होते, आणि नर्स गणवेशातच, हातात किल्ली धरून, एकेकाला उत्तर देत होती.

मागे पडदा सरकला. दादाने शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तो दाराकडे निघाला. एकटा, कुणाचाही दंड न धरता.

"दादा, कुठे?"

"येतो जरा विचारून."

त्याला पाहून गर्दीने वाट करून दिली. तो सर्वांत पुढे जाऊन उभा राहिला. नर्सचा चेहरा उजळला. "दादा! बघ ना, हे सगळे मला..."

"त्या दिवशी तू कुठे होतीस गं?" दादाने विचारलं. हळू, गोड आवाजात.

"दादा!" मावशी खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडली. "तिला सोड! ये घरात!"

तिच्या हाकेसरशी दारासमोरची सगळी माणसं एकदम वळली आणि तिच्याकडे पाहून हसली. दादाही हसला.